अबू हलीफातला शुक्रवारचा डाव

सामानाच्या खिडकीमागे उभ्या असलेल्या माणसाने मला हातमोज्यांचा एक जोड दिला आणि मग आपले दोन्ही तळहात आधी उताणे, मग पालथे करून दाखवले. गोष्ट एवढीच. पोलीस खात्यात उभी हयात घालवली, खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे आता पुसट होत चाललेत. ते दोन तळहात मात्र अजून जसेच्या तसे दिसतात. म्हणून हे लिहून ठेवतो. नावं कोणाचीच देत नाही, कारण यातल्या एकानेही गुन्हा केलेला नाही.

खरं तर हे प्रकरण माझ्या सरकारी सेवेतलं नव्हे. मी निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत बायको गेली. मुलगा बंगळुरूला. एकट्यापुरता कुकर लावायचा आणि तेच वर्तमानपत्र दोनदा वाचायचं, याला मी लवकरच विटलो. खात्यातला एक जुना सहकारी कुवेतमधल्या बांधकाम कंपनीत लागला होता. त्याने शब्द टाकला आणि मी तिथे सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो. अधिकारी म्हणायचं आपलं. अटकेचा अधिकार नाही, झडतीचा नाही, हाताखाली एक हवालदार नाही. एक ओळखपत्र, एक टॉर्च आणि किल्ल्यांचा जुडगा, एवढीच काय ती सत्ता.

कंपनीने अबू हलीफात एक अख्खी इमारत भाड्याने घेतली होती. समुद्र एक रस्ता ओलांडला की समोर. वरच्या मजल्यांवर कुटुंबवाले आणि ऑफिसातली माणसं, खाली तिघातिघांना एकेक फ्लॅट वाटून दिलेले बॅचलर, आणि मधल्या एका मजल्यावर दोन्हींची सरमिसळ. तिथे बायको गावी असलेल्या प्रत्येकाला बॅचलर म्हणतात, मग त्याला तीन मुलं का असेनात. मला विधुरालाही त्यांच्यातच धरलं होतं. शेजारी इराकात युद्ध होऊन काही महिने लोटले होते. विषारी वायूच्या भीतीने लोकांनी खिडक्यांच्या फटींवर लावलेली चिकटपट्टी अजून कोणी काढली नव्हती. ती सोलून काढायला घरात माणसं लागतात, आणि बरीचशी माणसं मायदेशी गेली होती.

एका सकाळी कंपनीचे एक हिशेबनीस माझ्या केबिनमध्ये आले. पुण्याचे, चाळिशी उलटलेले, नाकासमोर चालणारे गृहस्थ. कुवेत सिटीतल्या मुख्य ऑफिसात काम, रोज गाडीने जाऊन-येऊन. त्यांनी दार लोटून घेतलं, तेव्हाच मी ओळखलं की हा माणूस खबर घेऊन आलाय.

"साहेब, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये जुगाराचा अड्डा चालतो."

आमच्या ठाण्याची एक रीत होती. खबऱ्या आला की आधी त्याला चहा, मग त्याची खबर, आणि सगळं ऐकून झालं की शेवटी एकच प्रश्न: यात तुझं काय बिघडलं? खबर खरी असो की खोटी, या प्रश्नाच्या उत्तरात माणूस सापडतो. मी त्यांना चहा दिला.

"दर शुक्रवारी," ते सांगू लागले. "दुपारची नमाज आटोपली की सुरू होतं. नाण्यांची खणखण. पत्ते पिसल्याचा आवाज. एकजण मोठ्याने इंग्रजीत म्हणतो, 'प्लेस युवर बेट्स.' मग मराठीत नावं घेतो. 'अण्णा, तुमका काय?' 'वहिनी, अजून एक?' कोणी गुरुजी आहे, कोणी नलू आहे, कोणी बाबी. बायकासुद्धा आहेत साहेब त्यात. अहो, आमची भिंत म्हणजे निव्वळ पापड आहे."

"बाकीच्यांचे आवाज?"

"ते गप्प खेळतात. मुरलेले असणार."

"बरं. यात तुमचं काय बिघडलं?"

"म्हणजे काय? उद्या पोलीस आले तर माझ्या फॅमिलीला त्रास नको."

मी मान डोलावली आणि ते गेले. त्यांच्या बायको-मुलांना युद्धाच्या आधीच पुण्याला पाठवलं होतं, मुलांनी तिथे शाळेत नाव घातलं आणि ती परत आलीच नाहीत, हे मला ठाऊक होतं. शेजारी धाड पडली तर कोणाच्या त्रासाची काळजी हे गृहस्थ करत होते, हे काही मला उमजेना. ती गाठ मी मनात तशीच बांधून ठेवली.

कॅम्पचे, म्हणजे आमच्या इमारतीचे, मॅनेजर नाशिकचे इंजिनिअर, माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. हिशेबनिसांनी त्यांच्याही कानावर घातलं होतं.

"इन्स्पेक्टर साहेब," ते म्हणाले, "इथे रेड पडली की एक माणूस जात नाही, अख्खी खोली जाते. राहण्याचा परवाना, इकामा कॅन्सल, बोटांचे ठसे, डायरेक्ट विमान. वर कंपनीचे व्हिसा अडकतात ते वेगळंच. ते बाहेरून कोणी येण्याआधी आपणच निस्तरू. पत्ते कोण वाटतो, तेवढं नाव मला द्या. तिकीट मी काढतो."

"आणि तो निर्दोष निघाला तर?"

"तर उत्तमच. पण या महिन्यात मला काहीतरी लेखी पाहिजे."

मी जुन्या शिस्तीने कामाला लागलो. त्या फ्लॅटमध्ये तिघे राहत होते. शुक्रवारी मी खाली इजिप्शियन चौकीदाराशेजारी खुर्ची टाकून बसलो. तिघांपैकी दोघे फहाहीलच्या बाजारात निघून गेले. नमाज झाली, ऊन रस्त्यावर पसरलं, आणि त्या जिन्याने वर एकही माणूस गेला नाही. तरी संध्याकाळी हिशेबनीस खाली येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "आज तर रंगात आला होता डाव."

मग मी गच्चीची वाट तपासली, मागचा लोखंडी जिना तपासला. दोन्हींना कुलूप, आणि किल्ल्या माझ्याच जुडग्यात. कामगारांच्या यादीत अण्णा शोधला. एक अण्णा मिळाला, तो तमिळ निघाला आणि पत्त्यांना हातही न लावणारा. गुरुजी म्हणावा असा कोणी सापडला नाही. नलू आणि बाबी या नावाच्या बायका त्या इमारतीतच काय, आमच्या ओळखीच्या मराठी घरांतही नव्हत्या. पाच फरारी जुगारी आणि एकाचाही माग नाही, असं माझ्यावर कधी आलं नव्हतं. मनातून मला जरा बरंही वाटत होतं, हे सांगायला हरकत नाही. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच सकाळी उठून काहीतरी करायचं होतं.

अशात एके दिवशी फहाहीलजवळच्या आमच्या गोदामात गेलो. स्टोअरकीपर त्या तिघांपैकीच एक, वेंगुर्ल्याकडचा, पस्तिशीचा, हडकुळा माणूस. लांब बोटं, बोलणं बेताचं. मला हातमोजे हवे होते. त्याने जोड पुढे सरकवला, तळहात एकमेकांवर हलकेच घासले, खिडकीवर धरून उताणे केले, पालथे केले, आणि मागे सरला. त्याला स्वतःला ते कळलंही नाही.

मला कळलं, कारण मी ते आधी पाहिलं होतं. नव्वदच्या दशकात बँकेला बुडवून पळालेल्या एका आरोपीच्या मागावर मला काठमांडूला जावं लागलं होतं. तो कॅसिनोत बसायचा आणि मी त्याच्यावर डोळा ठेवून कोपऱ्यात कोमट सोडा पीत बसायचो. पत्ते वाटणारा डीलर टेबल सोडून जाताना दर वेळी असेच हात दाखवायचा. छतात कॅमेरे असतात. जाताना हातात काही लपवून नेत नाही, हे त्याला कॅमेऱ्याला दाखवावं लागतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. माझा डीलर मला मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला केबिनमध्ये बोलावलं. चौकशीची माझी पद्धत साधी होती. आरडाओरड नाही, दमदाटी नाही. माणसाला जे सांगायला आवडतं तिथून सुरुवात करायची.

"काठमांडूला किती वर्षं होतास?"

त्याचा चेहरा उतरला. पण नाकारलं नाही त्याने. हळूहळू बोलू लागला, आणि बोलता बोलता खुलला.

गोव्याच्या एका हॉटेलात तो वेटर होता. ताटं उचलताना त्याची बोटं पाहून एका माणसाने त्याला काठमांडूच्या कॅसिनोत शिकायला नेलं. काही महिने नुसतं शिक्षण, त्या काळात पगार नाही, फक्त जेवण आणि झोपायला जागा. सकाळी पत्ते पिसणं आणि वाटणं, दुपारी टोकनांची चळत एका हाताने सारख्या भागांत तोडणं, संध्याकाळी पाढे. आकड्यांच्या चाकावर नेमका आकडा लागला तर पस्तीस पट द्यावे लागतात, दोन आकड्यांच्या रेघेवर लागलं तर सतरा पट. त्यामुळे सतराचा आणि पस्तिसाचा पाढा झोपेतून उठवलं तरी आला पाहिजे. तो येईना म्हणून निम्मी मुलं परत गेली. जो टिकला त्याला टेबल मिळालं.

"पगार?"

"पगार वेटरएवढोच, साहेब. खरा काय ता टिपमध्ये. पण टिप हातात घ्यायची नाही. पेटीत टाकायची, महिन्याच्या शेवटी सगळ्यांत वाटणी. कपड्यांना खिसाच नसतो आमच्या."

"आणि गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाइकाशी बोलायचा ता टेबलापुरता. हात मिळवायचा नाय. कोण जिंकलो आणि खुशीत हात पुढे केल्यान, तरी नाय. त्याच्या हातातून काय तुमच्या हातात इला, कोणाक म्हायत?"

इतकी वर्षं रोज शेकडो माणसांच्या समोर उभा राहिला, आणि त्यातल्या एकाचाही हात हातात घेतला नाही. मी हे मनाशी म्हटलं आणि पुढे विचारत राहिलो.

नेपाळातलं वातावरण बिघडलं, गिऱ्हाईक आटलं आणि त्याचा कॅसिनो बंद पडला. घरी बायको, मुलगी, म्हातारी आई. मिळालं ते काम धरून तो कुवेतला आला, जिथे पत्त्यावर पैसा लावणं हाच गुन्हा. पण त्याने आशा सोडली नव्हती. मुंबईत एक एजंट प्रवासी जहाजांवरच्या कॅसिनोंसाठी डीलर निवडत असे. पगार डॉलरमध्ये, जेवण-राहणं जहाजाचं, इथल्यापेक्षा कितीतरी बरं. तो रजेवर जाणार होता तेव्हाच टेबल टेस्ट होती. परीक्षक समोर बसवतात, पत्ते हातात देतात आणि बोटांकडे बघतात. बोटं अडखळली की संपलं.

"आणि इथून तुला हद्दपार केलं तर?"

"मग कोण घेतलो माका जहाजार?" तो खाली बघत म्हणाला.

मला हवं होतं ते आलं होतं. मी मूळ मुद्द्यावर आलो.

"शुक्रवारी कोण कोण येतं तुझ्याकडे?"

"कोण येत नाय."

"अण्णा कोण?"

तो दचकला. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"अण्णा कुठे राहतो? वहिनी कोण? गुरुजी?"

"मी जुगार खेळूक नाय, साहेब. एकदा पण नाय."

"मग नावं कोणाची घेतोस?"

 त्याचा आवाज उतरला आणि राहिलंसाहिलं शुद्ध मराठीही सुटलं. "माका पाठवूचा असात तर पाठवा. पण ह्या माका विचारू नकात."

माझ्या अनुभवात माणूस दोनच गोष्टींसाठी शिक्षा पत्करून गप्प राहतो. एक, दुसऱ्या कोणाला वाचवण्यासाठी. दोन, लाजेसाठी. पाचजणांना वाचवतोय असं मी धरून चाललो आणि त्याला जाऊ दिलं.

पुढच्या शुक्रवारी मी हिशेबनिसांच्याच घरी जाऊन बसलो. चार खोल्यांचं घर, मोठं जेवणाचं टेबल, सहा खुर्च्या. एका खुर्चीसमोरची जागा तेवढी वापरातली दिसत होती. भिंतीशी मुलांचा कॅरम उभा करून ठेवलेला. गृहस्थांनी भिंतीलगत दोन खुर्च्या आधीच मांडल्या होत्या, आणि त्यातली एक तिथे आज पहिल्यांदा आलेली नव्हती. गालिच्यावर तिच्या पायांचे खड्डे पडले होते.

नमाजानंतर खणखण सुरू झाली.

"अण्णा, तुमचे बारा. थांबतास? बरा." थोडी शांतता. "वहिनी, सोळा. अजून एक? ... गेलात वहिनी. किती वेळा सांगलंय." मग पुढचं. "नलू, तुझे एकोणीस. खूश?"

हिशेबनीस माझ्याकडे विजयी चेहऱ्याने बघत होते. मी मात्र दुसरंच ऐकत होतो. पाच माणसं खेळत असली की खुर्ची सरकते, कोणी खोकतं, कोणी पाणी मागतं. पलीकडे यातलं काहीच नव्हतं. मी उठलो, बाहेर गेलो आणि शेजारची बेल वाजवली. हिशेबनीस माझ्या पाठोपाठ आलेच.

स्टोअरकीपरने दार उघडलं. आम्हा दोघांना बघून त्याने वाट अडवली नाही, नुसता बाजूला झाला.

टेबलावर हिरवी घोंगडी ताणून बांधली होती. त्याच्यापुढे अर्धगोलात पत्ते वाटलेले, पाच ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी लोखंडी वॉशरची एकेक चळत. गोदामातून रद्द झालेले वॉशर, सुपरवायझरला विचारून आणलेले. भिंतीपलीकडे ऐकू येणारे दिनार ते हेच. आणि खोलीत त्याच्याशिवाय कोणीही नव्हतं.

हिशेबनिसांना ते पटेना. त्यांनी आतल्या खोलीत डोकावलं, न्हाणीघराचं दार उघडलं, बाल्कनीत जाऊन खाली वाकून बघितलं.

"बाकीचे कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

मी पंचनामे खूप केले आहेत. गुन्ह्याच्या जागी काय सापडलं, ते लिहायची सवय आहे. तिथे काय नव्हतं, हे पाहून इतका सुन्न मी कधी झालो नव्हतो.

"खाली बस," मी त्या पोराला म्हटलं. पस्तिशीचा माणूस, पण तेव्हा तोंडून तसंच गेलं. "आता सांग."

त्याला शिकवणाऱ्या उस्तादाने एक युक्ती दिली होती. सरावाला गिऱ्हाईक नसेल तर रिकाम्या खुर्चीला पत्ते वाट, पण खुर्चीला नाव दे. नाव दिलंस की तो माणूस काय खेळेल याचा विचार करशील, आणि हात आपोआप बरोबर चालेल. काठमांडूत सगळी मुलं तसंच करायची, सिनेनट्यांची नावं ठेवायची आणि हसायची. इथे आल्यावर त्याने आपल्या माणसांची नावं ठेवली.

"अण्णा माझो बापूस. वारल्याक वरीस झाला. माका जावक गावला नाय." तो पत्ते गोळा करत बोलत होता. हात थांबवले असते तर त्याला बोलता आलं नसतं. "भारी भित्रो माणूस. बारार थांबतलो. वहिनीक धीर नाय, ती आणखी एक मागतली. गुरुजी माझे शाळेतले, ते विचार करतले. नलू म्हणजे माझी बायको. बाबी आमचा चेडू, तिका सगळे पत्ते चित्राचे होये."

"मग त्या दिवशी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"काय सांगू, साहेब? लोक येडो म्हणतले. जुगारी म्हणल्यानी तर बरा."

त्या खेळाचा नियम अगदी साधा आहे. आपल्या पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेली की आपण मेलो. किती बेरजेवर थांबायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. या माणसाने आपल्या पाचही माणसांचं थांबणं आणि न थांबणं मनात इतकं जपून ठेवलं होतं की त्यांच्या वतीने तो दर शुक्रवारी खेळू शकत होता. माझी बायको अशा वेळी काय करेल, याचा मी विचार करू लागलो आणि मला चटकन उत्तर सापडेना. त्याचं फार वाईट वाटलं.

हिशेबनीस अजून उभेच होते. मग ते एका रिकाम्या जागेसमोर बसले आणि वॉशरांकडे बघत बोलू लागले.

"मी दर शुक्रवारी ऐकत बसायचो. मला वाटायचं, या खोलीत किती माणसं जमतात. अण्णा काय, वहिनी काय, सगळं घरच्यासारखं. आणि भिंतीला भिंत लागून आहे माझी, तरी एकदाही कोणी म्हणालं नाही की या, बसा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "राग आला हो मला. दुसरं काही नाही."

यात तुमचं काय बिघडलं, या माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर ते होतं. मनात बांधलेली गाठ सुटली. खबरी देणारे लोक पैशासाठी येतात, सुडासाठी येतात, स्वतःची कातडी वाचवायला येतात, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो. या यादीत आणखी एक कारण घालायचं राहून गेलं होतं.

मॅनेजरसाहेबांना मी लेखी दिलं: जुगार खेळणारी एकही व्यक्ती आढळली नाही, पैसा आढळला नाही, तक्रारदार जागेवर हजर होते व त्यांचे समाधान झाले. त्यांनी ते वाचलं.

"मग आवाज कसला यायचा?"

मी खरं ते सांगितलं. ते पेपरवेट फिरवू लागले.

"माझ्याही घरचे गेलेत साहेब, युद्धापासून," ते म्हणाले. मग मॅनेजर झाले. "पण ती खणखण बंद. वॉशर गोदामात जमा. बाहेरच्याला काय कळतंय सराव की जुगार?"

ते म्हणत होते त्यात चूक काही नव्हतं. पण चळत तोडायचा सराव झाला नाही तर टेस्टमध्ये बोटं अडखळणार, हेही तितकंच खरं. वॉशर जमा झाले. स्टोअरकीपरनेच ते मोजून घेतले आणि नोंद केली, त्यामुळे मला आणखीच जड गेलं.

पुढच्या शुक्रवारी हिशेबनिसांनी माझं दार वाजवलं. हातात कॅरमच्या सोंगट्यांची पेटी. "याचा आवाज खण्ण होत नाही," ते म्हणाले. "आणि टेबल माझ्याकडे मोठं आहे. मुलं काही आता खेळायला येत नाहीत." सोंगट्या पुरेशा नव्हत्या, म्हणून येता येता त्यांनी फहाहीलच्या बाजारातून आणखी दोन पेट्या घेतल्या होत्या.

मग दर शुक्रवारी आम्ही तिघे त्या टेबलाशी जमू लागलो. हिरवी घोंगडी, काळ्या-पांढऱ्या सोंगट्या, पैशाचं नावही नाही. अर्धगोलात सात जागा. पाच जागा त्याच्या माणसांच्या, त्यांचे पत्ते पूर्वीसारखेच वाटले जायचे. सहावी माझी, सातवी हिशेबनिसांची. ते हिशेबाने खेळायचे, सतराला थांबायचे. मी दर वेळी आणखी एक पत्ता मागायचो आणि बुडायचो. "साहेब, तुम्ही आणि वहिनी एका माळेचे मणी," असं हिशेबनीस म्हणायचे. अण्णांना एकवीस लागले की आम्ही तिघेही त्यांचं कौतुक करायचो. बाहेरून कोणी ऐकलं असतं तर त्याने आम्हा तिघांनाही वेड्यातच काढलं असतं.

टेस्टच्या आधी तो रजेवर निघाला, तेव्हा आम्ही दोघे त्याला विमानतळावर सोडायला गेलो. मी हात पुढे केला. त्याने सवयीने आपला मागे घेतला आणि स्वतःशीच हसला. मग दोन्ही तळहात उताणे करून, पालथे करून मला दाखवले, आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. रांग पुढे सरकली तरी त्याने सोडला नाही.

तो पास झाला. परत आला नाही, थेट जहाजावर गेला. त्यानंतरच्या शुक्रवारी मी हिशेबनिसांकडे गेलो. आम्ही पत्ते काढले, पण वाटणार कोण? चहा प्यायलो आणि खिडक्यांवरची चिकटपट्टी सोलून काढली. वर्षभरात तेही पुण्याला परतले आणि त्यांच्यामागोमाग मी गावी आलो.

नोकरीत असताना मी हजारदा विचारलं असेल, तिथे कोण कोण होतं? या प्रकरणाने मला शिकवलं ते इतकंच, की 'कोणी नव्हतं' हेही पूर्ण उत्तर असू शकतं आणि त्याचाही तपास करावा लागतो. गावच्या ठाण्यातली नवी मुलं कधी सल्ल्याला येतात. त्यांना सांगतो, शेजाऱ्याची तक्रार आली की ज्याच्याविरुद्ध आली त्याच्या घरी जा, पण आधी ज्याने केली त्याच्या घरी जाऊन चहा प्या. किती खुर्च्या वापरात आहेत ते बघा.

काही वर्षांनी एका दुपारी घरातला फोन वाजला. आवाज लांबून, मधेमधे तुटत येत होता. जहाज कुठल्या तरी बंदराला लागलं होतं. मुलगी दहावी झाली, आई बरी आहे, पगार चांगला आहे, टेबलावर गर्दी असते. मग म्हणाला, "पण खोलीत इलंय की अजून पत्ते वाटतंय, साहेब. सवय सुटणा नाय. सातव्या जागेर पुण्याचे साहेब, सहाव्या जागेर तुमी."

 घरात मी एकटाच होतो, भिंतीपलीकडेही कोणी नव्हतं.

"आज किती आलेत मला?" मी विचारलं.

"अठरा झाले तुमचे. आता थांबूचा असता, साहेब."

"अजून एक दे," मी म्हटलं.